लाल गाडीच्या हवेचा डबा

वलवण,
२८ जून २०२५

आदरणीय हनुमंतकाका,
सप्रेम जयभीम.

तुम्ही पाठवलेला भाडेकराराचा कागद मिळाला. दोनदा वाचला आणि बाबांच्या टेबलाच्या खणात ठेवला. सही केलेली नाही. हे आधीच लिहिते, नाहीतर शेवटपर्यंत वाचताना तुमचा जीव त्यातच राहील.

फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर लिहिलं तर तुमची लेक, ज्योत्स्नाताई, ते तुमच्याआधी वाचते, असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून पत्र.

तुमचं म्हणणं मला कळलं. गॅरेजची जागा अर्धी तुमची, अर्धी बाबांची. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, आता एकट्या मुलीने किती दिवस रेटायचं, त्यापेक्षा चिक्कीवाल्या निलेशला दुकानासाठी देऊन टाकावी. काका, मी दोन वर्षं रेटतेच आहे. टेम्पो येतात, जीपा येतात, शाळेच्या व्हॅन येतात. येत नाहीत त्या फक्त तुंगार्लीच्या बंगल्यांच्या गाड्या, आणि त्या बाबांच्या वेळीही येत नव्हत्या.

पण परवा एक आली. तीच, लाल. दोन दारांची, बुटकी, १९९४ सालची जपानी स्पोर्ट्स कार. वीस वर्षांपूर्वी इंजिनात पाणी शिरून ती बंद पडली आणि तिच्या मालकांनी, डॉक्टरसाहेबांनी, बाबांनीच ती बिघडवली म्हणून सगळ्या बंगल्यांत सांगितलं, ती. मध्ये तिला दुसरं इंजिन बसलं आणि नंतर ती झाकूनच होती. आता डॉक्टरसाहेबांचा मुलगा संदेश ती बाहेर काढतो आहे. त्याने परदेशातून एक इनटेक मागवला आहे. कंपनीने दिलेला हवेचा बंद डबा काढायचा आणि त्याजागी अॅल्युमिनियमचा जाड पाइप, टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर. इंजिनला मोकळी हवा मिळते आणि आवाज भारदस्त होतो.

मी त्याला विचारलं, आमच्याकडे का आणली? तो म्हणाला, पुण्यात दोन ठिकाणी दाखवली, दोघंही न बघताच बसवतो म्हणाले. तुम्ही एकट्यांनीच आधी बॉनेट उघडायला सांगितलं.

मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी मला कळायला हवं की २००५ साली या गाडीत नेमकं काय झालं होतं. बाबांना विचारलं की ते "चूक झाली" एवढंच म्हणायचे आणि पाना उचलायचे. आईला गाड्यांमधलं कळत नाही. तुम्ही तेव्हा बाबांबरोबर काम करत होतात. तुमच्याशिवाय विचारावं असं कोणी नाही.

तब्येतीला जपा. कानातले थेंब चुकवू नका.

तुमची,
अमृता

*

रेल्वे क्वार्टर, दौंड
४ जुलै २०२५

चि. अमृतास जयभीम.

पत्र पोचलं. कानाचं बरं हाय, म्हंजे हाय तसंच हाय. ज्योत्स्ना वरडून बोलती, शेजारच्यांना सगळं कळतं, मलाच कळत न्हाई.

ती लाल गाडी दारातनंच परत पाठव. बॉनेट उघडलं आसंल तर लाव. त्या गाडीपायी तुझ्या बापाचं नाव गेलं, तुला तेवढ्यानं भागलं न्हाई का? लोणावळ्याला गाड्या दुरुस्त करणारी पोरगी बघाय टुरिस्ट थांबतील, फोटो काढतील आन गाडी शेजारच्या गॅरेजात नेतील. हे कडू लागंल, पण तुझा चुलता हाय म्हणून लिवतो.

काय झालतं ते मला इचारून उपेग न्हाई. त्या साली मी गॅरेजात नव्हतो. तळेगावला कंपनीत लागलो होतो. कानावर आलं तेवढंच ठावं. पाणी शिरलं, इंजिन गेलं, इशय संपला.

निलेशचा मला दोनदा निरोप आला. त्याला दिवाळीच्या आत दुकान उघडायचंय. सही करून कागद धाड. माळ्यावर लय भंगार साठलंय. हिरा भंगारवालीला सांगितलंय, ती गाडा घेऊन यील. माळा रिकामा करून दे. एकेक वस्तू बघत बसू नको, धुळीनं आजारी पडशील.

चंपावहिनीला जयभीम सांग.

तुझा काका,
हनुमंत

*

वलवण,
११ जुलै २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

हिरामावशी आल्या होत्या. मी त्यांना चहा पाजला आणि रिकामा गाडा घेऊन परत पाठवलं. त्या म्हणाल्या, "तुजा चुलता म्हणला व्हता, पोरगी काय बोलणार न्हाई." मी म्हटलं, बोलले नाहीच, चहा दिला.

माळ्यावर भंगार नाही, काका. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली आहे. बाबांचा नियम मी तुम्हाला काय सांगायचा? गाडीतून जो भाग निघेल त्याला पुठ्ठ्याचा तुकडा तारेने बांधायचा आणि त्यावर गाडी, भाग आणि खोलणाऱ्याचं नाव. मालकाने नेला तर नेला, नाहीतर माळ्यावर. मी नऊ वर्षांची असताना एका टेम्पोचा नुसता दिवा खोलला होता, त्यालाही बाबांनी माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली. म्हणाले, "नाव लिहायची लाज वाटत असेल तर खोलू नको." चिठ्ठ्या वाचल्याशिवाय मी तिथून एक खिळासुद्धा देणार नाही. तुमचा अर्धा वाटा आहे हे मान्य, पण माझाही आहे.

आणि बॉनेट मी लावलं नाही.

जे पाहिलं ते सांगते. उजव्या पुढच्या चाकाच्या वर, आतल्या पत्र्याला हाताने कापलेलं मुठीएवढं भोक आहे. कंपनीचं नाही. कड घासून गोल केली आहे आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली आहे, पाइपला पत्रा लागू नये म्हणून. काम इतकं नेटकं आहे की मी बोट फिरवून तीनदा पाहिलं. म्हणजे तेव्हाही असाच एक इनटेक बसवला होता आणि त्याचा पाइप या भोकातून खाली, बंपरच्या मागे नेला होता. संदेशने दिलेल्या कागदावरही तसंच चित्र आहे. त्याला कारणही आहे. बॉनेटखाली हवा तापते, खाली रस्त्याजवळ ती थंड असते, आणि थंड हवा इंजिनाला मानवते. ज्याने तो कागद छापला त्याच्या गावात पाऊस पडतच असेल, पण वलवणसारखा नाही. इथे जुलैत बंपरच्या उंचीवर थंड हवा नसते, पाणी असतं. फिल्टर पाण्यात बुडाला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, मग आतले दांडे वाकतात. तेच झालं.

आता मला जे छळतं आहे ते लिहिते. सहावीत असताना बाबांनी माझा हात धरून एका जीपच्या बॉनेटखाली नेला होता. म्हणाले, "आधी बघ, गाडी श्वास कुठून घेते. आपल्याकडं नाक खाली ठेवून चालत नाही." तेव्हा वाटलं, यांना हे जन्मापासून माहीत असणार. आता वाटतं, हे त्या लाल गाडीनेच त्यांना शिकवलं असेल. संदेशने सरळ विचारलं, तेव्हा मीही सरळ सांगितलं की बहुधा माझ्या वडिलांचीच चूक होती. खोटं सांगून काम घ्यायचं नव्हतं.

तुम्ही तिथे नव्हतात हे कळलं. तरी नंतर बाबा तुमच्याशी बोलले असतील. भोक त्यांनी पाडलं का, एवढंच सांगा. मला सांत्वन नको, उत्तर हवं आहे.

तुमची,
अमृता

*

दौंड
१७ जुलै २०२५

चि. अमृतास जयभीम.

उत्तर पायजे ना, घे. व्हय. भोक तुझ्या बापानं, गोरखनंच पाडलं. डॉक्टरसाहेबांनी घाई केली आन त्या रविवारी गोरखनं पाइप बसवून दिला. माणूस हाय, चुकला. तू काय कोर्ट हायेस का?

आता समाधान झालं आसंल तर कागदावर सही कर. हिराला परत धाडलंस हे मला आवडलं न्हाई. मोठ्यांनी सांगितलेलं ऐकायची रीत आपल्या घरात होती. ती पण माळ्यावर टाकलीस काय?

हनुमंत

*

वलवण,
२ ऑगस्ट २०२५

काका,
जयभीम.

उत्तराला उशीर झाला. हे पत्र लिहायचं की नाही, हेच ठरत नव्हतं.

तुमचं पत्र आल्यावर मी बाबांच्या पाटीकडे दोन दिवस बघितलं नाही. शटर उघडताना मान खाली घालायचे. मग कामाला लागले. संदेशचा इनटेक कागदावर आहे तसा मी बसवणार नाही हे ठरलं होतं, पण मग कसा बसवायचा? कंपनीने हवा कुठून घेतली होती ते पाहायला हवं होतं. त्यासाठी जुना डबा हवा. संदेश म्हणाला, घरी नाही, वडिलांनाही आठवत नाही. तेव्हा मला वाटलं, आपल्या गॅरेजमध्ये निघालेला भाग जाणार कुठे?

माळ्यावर होता. मागच्या कोपऱ्यात, रिकाम्या पोत्यांखाली. काळा डबा, आणि त्याला जोडलेली सोंड. ती सोंड खाली जात नाही, काका. वर वळते, हेडलाइटच्या मागे, बॉनेटच्या कडेला. बसवणाऱ्याने ती हातात घेऊन एकदा बघितली असती तरी पुरे होतं.

डब्याला चिठ्ठी होती. जशी आहे तशी उतरवते.

"लाल गाडी. तुंगार्ली. हवेचा डबा. खोलणार : हनुमंत. ता. १७/७/०५."

मी माळ्यावरच बसले. मग खाली येऊन तुमची दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. तुमचा ह शेपूट ओढून लिहिलेला असतो, तो ओळखायला मला कोणाची साक्ष नको. तारीख कॅलेंडरवर पाहिली. रविवार होता. "त्या रविवारी" असं तुम्ही लिहिलंत तेव्हाच मला थांबायला हवं होतं. जो माणूस तळेगावला होता, त्याला वार कसा आठवतो?

आईला चिठ्ठी दाखवली. ती म्हणाली, "सोड ना गं. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" मी म्हटलं, मला पडतो. ती म्हणाली, "मला पडत न्हाई असं कोण म्हणलं?" आणि पीठ मळायला गेली.

दुसऱ्या दिवशी तुंगार्लीला गेले. संदेशला सांगितलं की मागच्या वेळी मी माझ्या वडिलांची चूक म्हणाले होते, ते चुकीचं होतं, मी न तपासता बोलले. तुमचं नाव घेतलं नाही. आतल्या खोलीत डॉक्टरसाहेब बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही.

तुम्हाला काही लिहायचं असेल तर लिहा. यावेळी खरं लिहा.

अमृता

*

दौंड
१४ ऑगस्ट २०२५

चि. अमृता,
जयभीम.

चार दिस पेन हातात घेऊन बसतोय. ज्योत्स्ना म्हणती, कुणाला पत्र लिवताय एवढं, परीक्षा हाय का? म्हणलं, व्हय.

लिवतो. डॉक्टरसाहेबांनी पाइप आणलता. गोरख म्हणला, पावसाळा सरू द्या, मग बघू. त्या रविवारी गोरख भाजे गावाला तुझ्या मावशीकडं गेलता. साहेबांनी डायवरसंगं गाडी धाडली, निरोप दिला, पावणे येणारेत, बसवून दे. मी बसवला, साहेबांना वाटलं गोरखनं. कागदावर चित्र होतं तसाच. गोरख नसताना एक मोठं काम मी सोता केलं, ह्याचाच मला लय आनंद. आवाज असा आला की घाटात दोन फेऱ्या मारून आलो. संध्याकाळी गोरख आला, त्यानं नुसतं इचारलं, नाक कुटं ठिवलं? मी म्हणलं, खाली. तो म्हणला, उद्या साहेबांकडनं गाडी आणून वर घेऊ. साहेबांनी गाडी दिली न्हाई. नवव्या दिशी सव्वीस जुलैचा तो पाऊस आला.

साहेब दारात येऊन वरडले. मी आत होतो. बाहेर यायला निघालो तर गोरखनं हातानं माघारी ढकललं. म्हणला, "पाटी माझ्या नावाची हाय, मग हात पण माझाच. तुझं तळेगावचं बोलावणं आलंय, गप जा." तवा ज्योत्स्ना ल्हान होती, कंपनीची नोकरी हातची गेली आसती. मी गेलो. बारा दिसांनी गेलो. आधी गेलतो म्हणून तुला लिवलं ते खोटं. गोरखनं पाडलं म्हणून लिवलं ते त्याहून खोटं.

तू म्हणशील चिठ्ठी का लिवली? हाताची सवय. गोरखच्या माघारी काम केलं, पण डबा खोलला आन तार घेऊन नाव लिवलं. मग इसरलो. निवृत्त झाल्यावर एक दिस भाकरी खाताना आठवली, तवापासनं तो माळा माझ्या डोक्यावर हाय. निलेशचं दुकान म्हंजे माझं निमित्त. मला माळा रिकामा करायचा होता.

एक गोष्ट मला सुधरत न्हाई. गोरखनं ती चिठ्ठी बघितली आसणारच. मग काढली का न्हाई?

आता माझं एवढं ऐक. ती जाळ, न्हाईतर पाकिटात घालून मला धाड. ज्योत्स्नाला, जावयाला काय कळू देऊ नको. हितं मला लोक मान देतात, जुना कारागीर म्हणून. चौसष्टीला आता दुसरं काय कमावणार? कागदावर सही करू नकोस, न्हाई केली तरी चालंल. चिठ्ठी तेवढी दे.

तुझा काका

*

वलवण,
२४ ऑगस्ट २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

हे पत्र चार वेळा फाडलं. तुम्ही मला पाना धरायला शिकवलंत. उलटा धरला तर बोटावर टिचकी मारायचात. हे मी विसरलेले नाही. पण मजकूर बदलणार नाही.

चिठ्ठी जाळणार नाही. पाठवणारही नाही.

बाबांनी ती का काढली नाही, तुम्ही विचारलंत. मला नक्की माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. एवढंच माहीत आहे की बाबा अठरा वर्षं त्या माळ्याखाली काम करत होते. बंगल्यांच्या गाड्या समोरून जायच्या, आणि माळ्यावर चढलं की चिठ्ठी हाताला लागली असती. त्यांनी ती कोणाला दाखवली नाही आणि फाडलीही नाही. दाखवायची नाही हा त्यांचा निर्णय होता, त्यांचा तुमच्यावर जीव होता म्हणून. तो निर्णय त्यांच्याबरोबर गेला. मला तो पाळायला कोणी सांगितलेलं नाही. मी तो पाळणार नाही.

आता गाडीचं सांगते, कारण ते तुम्हाला कळेल.

संदेशला सांगितलं, पाइप खाली जाणार नाही. तो कागद दाखवू लागला. म्हणाला, ज्यांनी बनवलं त्यांना जास्त कळत नाही का? मी म्हटलं, कळत असेल, मग गाडी त्यांच्या गावात चालवा. तो रागावून गाडी घेऊन गेला. मला वाटलं, संपलं. त्या दिवशी आईने माझ्या ताटात दोनदा भात वाढला. तिसऱ्या दिवशी तो परत आला आणि किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, "तुमच्या पद्धतीने करा."

चाकावरचं भोक मी पत्रा लावून बंद केलं. तुमची ट्यूबची पट्टी काढली आणि तिलाही चिठ्ठी बांधली. फिल्टर वर, जुन्या डब्याच्याच जागी बसवला. पण तो तसाच उघडा ठेवला तर इंजिनाची गरम हवा ओढणार. म्हणून पंधरा लिटरच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून फिल्टरभोवती तीन बाजूंनी आडोसा केला आणि कडेला रबर लावलं. बॉनेट लावलं की ते वरून घट्ट बसतं. मग कंपनीच्या जुन्या डब्याची सोंड सोडवली आणि आडोशाला जोडली. हवा आता जिथून कंपनीने ठरवली होती तिथूनच येते, वरून. थर्मामीटर ठेवून पाहिलं. बाहेर चोवीस, बॉनेटखाली अठ्ठावन्न, आडोशाच्या आत एकतीस.

पाण्याची परीक्षा घ्यायची होती. आडोशाच्या तळाशी वर्तमानपत्राचं एक पान घडी करून ठेवलं. वलवणच्या वळणावर सखल भागात पाणी साचलं होतं, बंपरच्या खालच्या कडेपर्यंत. संदेश शेजारी बसला. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये, न थांबता त्यातून नेली, वळवली आणि परत आणली. अंगाला घाम होता. माझ्या, गाडीच्या नाही. बॉनेट उघडलं, घडी काढली. पान कोरडं होतं. मी ते चुरगाळून पाहिलं, गालाला लावून पाहिलं. संदेश म्हणाला, "आता वाचून पण बघता का?"

त्याने विचारलं, ताकद किती वाढली? मी सांगितलं, मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, त्यामुळे आकडा सांगणार नाही, आणि फार वाढली असेल असं मला वाटत नाही. आवाज वाढला आहे, तो तुम्हाला ऐकू येतो आहे. तो हसत सुटला. पुढच्या आठवड्यात त्याच्या शेजारच्या बंगल्यातली एक गाडी यायची आहे. ही लाल गाडी सोडली तर वीस वर्षांत तुंगार्लीची पहिली.

सोबत तुमचा भाडेकराराचा कागद परत पाठवते आहे. सही नाही. जागा विकायची, भाड्याने द्यायची, काहीही करायचं असेल तर तुमचा अर्धा हक्क आहे, पण माझी सही मिळणार नाही. आज नाही आणि दिवाळीतही नाही. पाटीवर बाबांचंच नाव राहील.

राहिली चिठ्ठी. सोंड गाडीत गेली, पण डब्याचा उरलेला भाग माझ्याकडे आहे, म्हणून ती त्यालाच बांधलेली आहे. फक्त आता तिच्यावर दोन ओळी आहेत. तुमच्या ओळीखाली मी लिहिलं आहे, "सोंड परत बसवणार : अमृता. ता. १९/८/२५." तुमच्या ओळीवर एक रेघही ओढलेली नाही.

शेवटचं. डॉक्टरसाहेब एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. वऱ्हांड्यात बसलेले असतात. मी त्यांना सगळं सांगू शकते, चिठ्ठीही दाखवू शकते. पण ते माझं काम नाही. ज्याने बसवलं त्याने सांगावं. तुम्ही या. चिठ्ठी बघायची असेल तर वलवणला यावं लागेल, आणि माझ्याबरोबर तुंगार्लीला यावं लागेल. ते काय म्हणतील ते तुम्हाला नीट ऐकू यायचं नाही. बोलायचं तुम्हालाच आहे.

नाही आलात तर मी रागावणार नाही. कानातल्या थेंबांची आठवणही करेन. पण तुमच्यासाठी गप्प बसण्याचं काम बाबांनी केलं तेवढं पुरे. डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं, तर मी उत्तर देईन.

तुमची,
अमृता

*

दौंड
१ सप्टेंबर २०२५

चि. अमृतास जयभीम.

ज्योत्स्नाला सगळं सांगितलं. वरडून सांगावं लागलं न्हाई, तिला ऐकू येतं. ती म्हणली, जाऊन या. जाताना घालायला जावयाचा चांगला शर्ट काढून दिला.

पुढल्या मंगळवारी सकाळच्या गाडीनं येतो. स्टेशनवर येऊ नको, साहेबांच्या बंगल्यापुढं भेट, मला रस्ता ठावा हाय. आधी तुंगार्लीला जाऊ, मग गॅरेजात. उलटं केलं तर माझे पाय तितंच बसतील.

तुझा तेलाच्या डब्याचा आडोसा बघायचा हाय. पंधरा लिटरचा पत्रा पातळ आसतो, थरथरला आसंल, कडेला दुमड घालायला पायजे होती. तू घातली आसशील तर माझं बोलणं माघारी घे.

गाडीला हात लावणार न्हाई. लावलाच, तर पुठ्ठा आन तार तयार ठेव.

तुझा काका,
हनुमंत